मुद्देमाल

१८९६ सालच्या जर्मन मॉझर पिस्तुलात स्क्रू एकच असतो, तोही मुठीवरच्या लाकडी फळ्या धरण्यापुरता. बाकीचे सगळे भाग एकमेकांच्या खाचांत जाऊन बसतात, एकमेकांना अडवतात आणि त्या अडवण्यातूनच जागच्या जागी राहतात. खिळा न मारता दार-चौकटी सांधणाऱ्या जुन्या सुताराची आठवण यावी, असं ते काम आहे. ज्या वस्तूचा जन्म माणूस मारण्यासाठी झाला, तिच्या पोटात इतकी सुबक बुद्धी असावी, याचं मला कोडं पडतं. जुन्या लष्करी पिस्तुलांची ओढ लागते ती या कोड्यामुळेच.

ही ओढ मला लावली शहापुरातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. सैन्यात त्यांची सगळी नोकरी आर्मोरर म्हणून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. आज त्यांच्या घरात एकही पिस्तूल नाही. आहेत ती पुस्तकं, छायाचित्रं आणि हातांत मुरलेली सवय. ‘खोलना-जोडना’ म्हणताना त्यांचं मराठी क्षणभर पलटणीतलं होतं. ‘काका, आधी काय करायचं?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘आधी मॅगझीन बाहेर. मग चेंबर रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघायचं, बोटानं बघायचं. बाकी गप्पा नंतर.’ पुढे सतरंजीवर डावीकडून उजवीकडे भाग मांडत जायचे आणि जोडताना उजवीकडून परत यायचं. हातात काही नसतानाही त्यांची बोटं हे सगळं करून दाखवतात.

खोलल्यावर दिसतो तो बनवणाऱ्याचा विचार. जॉन ब्राउनिंगच्या १९०० सालच्या पिस्तुलात नळीच्या वर एक स्प्रिंग आहे. धक्क्यानं मागे गेलेला भाग तीच पुढे आणते आणि गोळीवर आघात करणाऱ्या पिनेला जोरही तीच देते. एका तारेकडून दोन कामं! इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. खटका दाबला, की ते मधोमध मोडल्यासारखं उघडतं आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्याचा सहावा नमुना आला. खंदकातल्या चिखलात, थंडीनं आखडलेल्या बोटांना चालवता येईल असं हत्यार सैनिकाला हवं होतं, आणि वेब्लीचा तो ओबडधोबड दणकटपणा तिथे कामी आला. जर्मनांचं नाजूक लुगर पिस्तूल आणि इंग्रजांची राकट वेब्ली शेजारी ठेवून पाहिली, तर दोन देशांचा स्वभाव वाचल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे मात्र हा छंद कायद्याच्या कुंपणातच चालतो, आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. ९ मिलिमीटरची लष्करी पिस्तुलं सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटतं ते फक्त पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं, कालबाह्य किंवा मोडकं हत्यार, आणि तेही दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही असं. त्यामुळे चालतं लष्करी पिस्तूल कुणाच्या कपाटात असलंच, तर ते बहुधा वाडवडिलांकडून परवान्यासकट आलेलं असतं.

माझं मन अडतं ते या परवान्याशी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगायची बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे जे पिस्तूल तेलपाणी होत, पेटीत जपलं जात, पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, ते बहुतेक साहेबाचं किंवा साहेबाच्या मर्जीतल्या माणसाचं. मर्जीबाहेरच्या माणसाचं हत्यार जप्त झालं, मुद्देमाल ठरलं, कोर्टात पुरावा म्हणून मांडलं गेलं आणि खटल्याबरोबरच संपलं. संग्रह म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती या इतिहासाची एकच बाजू आहे.

दुसरी बाजू शहापूर-मुरबाडच्या आसपासच आहे. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फाशी गेले ते ठाण्याच्या तुरुंगात. नाशिकहून ठाण्याला येणारा जुना महामार्ग कसारा घाट उतरून शहापूरवरूनच येतो. ठाण्याच्या त्याच तुरुंगात १८४८ साली इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे फासावर चढले होते. सह्याद्रीच्या या रांगेत बंदुकीला बंदुकीनं उत्तर देणारी माणसं ब्राउनिंगच्या कितीतरी आधीपासून होती.

आणि मुरबाड तालुक्यातला सिद्धगड! भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, वकील झालेले. सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारणारे. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडायला घेतले. दस्त्याची खरी करामत मला इथे दिसते. मनोरा पाडायचा तर भार कुठल्या पायावर आहे आणि कुठे घाव घातला म्हणजे तो कलेल, हे कळावं लागतं. सत्तेचं यंत्र कुठून खोलता येतं, हे या माणसांनी ओळखलं होतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना सिद्धगडाच्या रानात गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथेच पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात आणि हुतात्म्यांना वंदन करतात. संग्राहकांच्या याद्यांत मात्र वेब्लीचे सहाही नमुने सापडतात आणि सिद्धगडाचं नाव सापडत नाही.

जप्त केलेलं हत्यार परत बोलू लागल्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर झाडलेलं भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात कितीतरी वर्षं इतर हत्यारांच्या रांगेत पडून होतं. त्याच्यावर काळ्या रंगाचे थर होते. २०१६ साली ते थर खरवडले आणि खालून क्रमांक निघाला. खटल्याच्या कागदांतला आणि पिस्तुलावरचा क्रमांक जुळला. क्षणात ते लोखंड भगतसिंगांचं झालं. पोलाद तेच, स्प्रिंगही तीच. जुळला होता तो कागद.

म्हणून मला वाटतं, हत्यार खोलण्याचं काम शेवटची स्प्रिंग सतरंजीवर ठेवून पुरं होत नाही. संग्राहकाच्या वहीत कारखाना, साल, नमुना आणि क्रमांक काटेकोर लिहिलेले असतात. त्यापुढे आणखी दोन रकाने हवेत: हे कुणाच्या हातात होतं आणि कुणावर रोखलं होतं. ज्यांची हत्यारं उरली नाहीत त्यांच्यासाठी तर हे रकानेच सगळं काही आहेत. मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांवर बेचाळीसची आठवण अजून घरोघर सांगितली जाते. पण ती ऐकलेल्यांची पिढीही आता थकत चालली आहे. आर्मोरर ज्या चिकाटीनं गंजाखालचा क्रमांक शोधतो, त्याच चिकाटीनं ही सांगणी नावागावासकट लिहून घेतली पाहिजेत. आपल्या तालुक्यांच्या ग्रंथालयांना आणि शाळांना हे काम जमण्यासारखं आहे, आणि ते याच वर्षी सुरू झालं पाहिजे.