योनाची गोष्ट शेवटपर्यंत

संडे स्कूलमध्ये योनाची गोष्ट बहुतेक वेळा माशाच्या पोटातून बाहेर आली की संपते. योनाने देवाचं ऐकलं नाही, त्याचे हाल झाले. तुम्ही ऐकत जा. मग प्रार्थना, खाऊ आणि घर. मला हे पटत नाही. योनाच्या पुस्तकात चार अध्याय आहेत आणि मासा येतो तो जेमतेम तीन वचनांत. गोष्ट तिथेच सोडली तर देव म्हणजे पळालेल्याला धरून आणणारा, एवढंच मुलांच्या मनात राहतं.

म्हणून मी चारही अध्याय सांगते. लहानांच्या वर्गाला त्यासाठी दोन रविवार गेले तरी जाऊ देते.

देव योनाला निनवेला जायला सांगतो, पण याफोच्या बंदरात तो भाडं भरून उलट्या दिशेच्या गलबतात चढतो. हे भाडं गाळायचं नाही. देवापासून पळणारा माणूस तिकीट काढून पळतोय, हे मुलांना बरोबर दिसतं. मासा आला की हमखास हात वर होतो : कोणता मासा? शास्त्रात ‘मोठा मासा’ एवढंच आहे. मीही तेवढंच सांगते आणि पुढे जाते, कारण मला निनवेत पोहोचायची घाई असते.

निनवेत मात्र मी रेंगाळते. राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसून राखेत बसतो. गुराढोरांनीही काही खायचं-प्यायचं नाही, त्यांच्याही अंगावर गोणपाट घालायचं, असा त्याचा हुकूम. गोणपाट पांघरलेली गाय म्हटलं की वर्ग खिदळतो. खिदळू द्यावं. हसता हसता निनवेची माणसं मुलांना आपली वाटायला लागतात, आणि ती वाटायलाच हवीत, कारण आता देव त्यांना क्षमा करणार आणि योना संतापणार. मोठ्या मुलांना मी त्या संतापाचं मूळही सांगते. निनवे अश्शूरांचं नगर. याच अश्शूरांनी इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन जिंकली. शत्रूला माफी मिळाली की पोटात काय होतं, हे सातवी-आठवीतल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

मग योनाच्या डोक्यावर सावली धरणारा वेल, तो कुरतडणारा किडा, पूर्वेचा झळांचा वारा. आणि शेवटी देवाचा प्रश्न : तुला एका वेलाची कीव येते, तर उजवाडावा हातही न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि कितीतरी गुरंढोरं ज्या नगरात आहेत, त्याची कीव मला येऊ नये काय? पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर त्यात नाही. मग मीही त्यावर काही जोडत नाही.

बोध सांगायचाच नाही, असं माझं म्हणणं नाही. तो कुठे सांगायचा, एवढाच प्रश्न आहे. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान रंगतं. एकोणिसाव्या शतकात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा शास्त्रातल्या कथा याच वाटेने लोकांपर्यंत गेल्या. मी वर्गात तोच क्रम धरते. पाठांतराचं वचन आधी, त्यावर चार वाक्यं, देव दयाळू आहे हे स्पष्ट शब्दांत, मग गोष्ट. गोष्टीनंतर ‘तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की मुलं विचार करायचं सोडून बाईंना हवं ते उत्तर शोधू लागतात. विश्वास असा वदवून घेता येत नाही.

आज काय शिकवलंत, असं आईवडील विचारतात. मी म्हणते, घरी मुलाकडून गोष्टच ऐका, आणि तो कुठे थांबतो ते बघा. एकाची गोष्ट खलाशांपाशीच अडकली होती. वादळात योना स्वतःच ‘मला समुद्रात टाका’ म्हणत असताना ती परकी माणसं आधी त्याला वाचवायला जीव तोडून वल्ही मारतात, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगायचं होतं. पुढच्या रविवारी मी वर्ग खलाशांपासून सुरू केला.