जिना चढवेना तेव्हा

'दंगल' चित्रपटातली छोटी बबिता आठवते? ती साकारणारी सुहानी भटनागर १६ फेब्रुवारी २०२४ला दिल्लीच्या एम्समध्ये वारली. वय अवघं १९. आधी हाताला सूज आली होती. निदान झालं डर्मॅटोमायोसायटिस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते. पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या सांध्यांवर लालसर, खवलेदार उंचवटे उठतात. उन्हात गेलं की छाती-मानेवरचा चट्टा भडकतो. मग मांड्या आणि खांदे थकतात. जमिनीवर मांडी घालून बसलेली बाई हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठत नाही, वेणी घालताना हात मध्येच खाली येतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, टॉनिक घे.

टॉनिकनं काय होणार? रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासावं लागतं, एमआरआय आणि कधी स्नायूचा तुकडाही. मोठ्या वयात कर्करोगाचाही शोध घेतात, कारण काहींमध्ये दोन्ही जोडीनं येतात. काहींच्या फुफ्फुसांनाही झळ पोचते.

उपचाराची सुरुवात बहुधा स्टेरॉइडनं होते. जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन, गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून संसर्गाची धास्ती. साधा तापही अंगावर काढायचा नाही आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही; डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. सोबत सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि झेपेल तेवढा व्यायाम. कित्येक जण अशा उपचारांनी पुन्हा कामावर रुजू होतात.