माल एक, मार्के तीन

कॉटन ग्रीन ह्या नावातील हिरवे मैदान मी कधी पाहिले नाही. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे हलला तेव्हा गाठींबरोबर नावही वाहून आले, आणि माझ्या नोकरीच्या काळात त्या नावाखाली होती ती गोदामे, बंदराच्या रेल्वेचे रूळ आणि हवेत तरंगणारी रुई. अशाच एका गोदामात मी आवक-जावकीचा कारकून होतो. 392 रत्तलांच्या प्रत्येक गाठीवरील मार्का आणि आकडा दप्तरी चढविणे व मागणी येताच तोच आकडा हुडकून माल बाहेर काढणे, एवढेच माझे काम असल्यामुळे, जगातील यच्चयावत वस्तूंस एकेक मार्का असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होऊन बसली होती.

1958 सालच्या पावसाळ्यात स्टेशनाजवळच्या इराण्याकडे चहा घेत असता रेडिओवर पियानोचे वादन लागले. सहा मात्रांच्या, दादऱ्यासारख्या हेलकाव्यावर झुलणारी, किरवाणीची छाया असलेली ती लहानशी रचना दोन भागांची होती, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजत असल्यामुळे ती मनावर ठसण्यास वेळ लागला नाही. ती संपली, निवेदकाने नाव सांगण्यास आरंभ केला आणि नेमके तेव्हाच रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले; माझ्या पदरी ‘सोनाटा’ एवढाच शब्द पडला.

आमच्या कचेरीतील टंकलेखक गोमंतकीय होते. गावच्या चर्चच्या शाळेत सॉल्फा आणि व्हायोलिन शिकलेले. त्यांना मी ती चाल गुणगुणून दाखविली.

“सूर कोणता?” त्यांनी विचारले.

“काळी एक.”

“तो तुमचा हो! वाजविणाराचा कोणता?”

ह्या प्रश्नाचे प्रयोजनच मला उमगेना. आमच्यात षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याचा. चालीची ओळख त्यावर अवलंबून कशी असेल? तथापि थोड्या विचारांती ते उद्गारले, “ही पास्टोराल असणार,” आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटताच आम्ही धोबीतलावावरील फुर्ताडो यांच्या दुकानी गेलो. 1865 पासून चालत आलेल्या त्या पेढीतील एका वृद्ध विक्रेत्याने ‘पास्टोराल’ नावाचे पुस्तक काढले आणि तेथील पियानोवर दोन ओळी वाजवूनही दाखविल्या.

“गाठ हीच,” मी म्हटले, “पण हिच्यावर जरीचे वेष्टन चढविलेले दिसते. मी ऐकली ती उघडी होती.”

वृद्ध गृहस्थ प्रसन्नपणे हसले. मूळ रचना, ते म्हणाले, दोमेनिको स्कार्लातीची, आणि तीही पियानोसाठी नव्हे, तर हार्पसिकॉर्डसाठी केलेली. पुढे लिस्टच्या टाउसिग नामक शिष्याने तिला पियानोच्या मैफलीचा साज चढविला, ‘पास्टोराल’ हे नाव दिले आणि पांढरी दोनवरून उचलून पांढरी तीनवर नेऊन बसविले. मूळ हवी असेल तर नाव विसरून आकडा धरावा: लोंगो नामक संपादकाच्या आवृत्तीत 413, आणि कर्कपॅट्रिक ह्या अमेरिकनाने 1953 साली केलेल्या नव्या यादीत 9. माझ्या समजुतीला त्या दुपारी प्रथम तडा गेला. माल एक आणि मार्के तीन, असा व्यवहार आमच्या गोदामात घडता तर माझी नोकरी गेली असती!

लोंगोच्या आवृत्तीचा नववा खंड मिलानहून मागविला, तो पाच महिन्यांनी हाती आला. टंकलेखकांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मला त्या कागदांपेक्षाही अधिक काळ पुरली आहे. कर्कपॅट्रिकचा 9 म्हणजे, 1738 साली लंडनमध्ये छापलेल्या तीस सोनाटांच्या पहिल्या ग्रंथातील नववा क्रमांक, आणि तो ग्रंथ अर्पण केला होता पोर्तुगालच्या पाचव्या जुआंव राजाला, ज्याच्या कन्येला स्कार्लाती संगीत शिकवीत असे. ह्याच राजाची वसई 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली. शाळेत पाठ केलेली ती सनावळी आणि इराण्याच्या रेडिओवरील ती चाल एकाच दरबाराच्या दप्तरात शेजारी नोंदलेल्या असाव्यात, ह्याचे मला राहून राहून नवल वाटले.

मग टंकलेखकांनी व्हायोलिन काढले, मी पेटी पुढे ओढली. त्यांच्या कागदाला पांढरी दोन हवी होती, माझ्या बोटांना काळी एक. अर्ध्या सुराचेच काय ते अंतर. पण कुळाच्या देवासारखा जन्मभर सांभाळलेला षड्ज त्या संध्याकाळी मी प्रथमच जागचा हलविला, आणि चाल तीच राहिली.