विषयाचा रकाना

9 फेब्रुवारी 2022
लंडनच्या सोआस विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं. कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व, एम. ए., एक वर्ष. आईला मोबाइलवर दाखवलं. तिने आधी फी विचारली. वीस लाखांच्या वर, राहणं-खाणं वेगळं. काही बोलली नाही. कुकर लावायला गेली.

10 फेब्रुवारी
बाबांचा पगार नोव्हेंबरपासून बंद. एसटीचा संप मिटायचं नाव नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर लंडन, नाही तर बडोद्याला एम. ए.

16 फेब्रुवारी
केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू. 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आमचं कितीतरी कमी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशिटा एका फाइलीत लावल्या.

19 फेब्रुवारी
नियम बदलले. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास हे विषय यंदापासून बाद.

20 फेब्रुवारी
झोप लागली नाही. म्हणे भारताचा अभ्यास करायची सोय भारतातच आहे. माझ्याकडे वाकाटक राजांवरच्या दोन झेरॉक्स आहेत. एक वा. वि. मिराशींची, नागपूरची. दुसरी हान्स बाकर यांच्या 1997 च्या पुस्तकाची, ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचं. अजिंठ्याचा काळ वर्षावर्षाने लावू पाहणारे वॉल्टर स्पिंक अमेरिकेतल्या मिशिगनचे. इथला दगड त्यांना चालतो. मला चालत नाही. घरचा पैसा असलेल्याला विषय कोणी विचारत नाही. अन्याय आहे हा, दुसरा शब्द नाही.

27 फेब्रुवारी
पवनार. बस नाहीच, ऑटोत दाटीवाटीने. धाम नदीचं पाणी कमी झालंय. भरतभेटीच्या शिल्पापुढे बसले. विनोबांना शेत खणताना सापडलेलं. मिराशींच्या मते वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या रामाच्या देवळातलं, पाचवं शतक. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार की मनसर, हा वाद अजून चालूच आहे. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला. समोरून सपाट वाटत होता तो दगड एकदम उठून आला. दंडाची गोलाई, वळलेली मान. टॉर्च खाली घेतला की सावली बदलते, भाव बदलतो. वहीत काढून घेतलं. विनोबांच्या आश्रमातल्या एक ताई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, सकाळी लवकर ये, उन्हात अजून छान दिसतं.

6 मार्च
नेट कॅफेवाला दादा म्हणाला, “विषय बदलून टाक न. युरोपचं काहीतरी लिही. तिथं गेल्यावर कोण पाहते?”

7 मार्च
लिहून पाहिलं. सतराव्या शतकातली डच चित्रकला. रेम्ब्राँ मला मनापासून आवडतो. पण त्याने मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केलीत. तो अभ्यास हॉलंडचा धरतील की भारताचा?
खोडलं.

12 मार्च
राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीची जाहिरात अजून नाही. तिच्यावर भिस्त ठेवून बसता येणार नाही.

21 मार्च
आई म्हणाली, जे शिकायचं तेच लिही. खोटं लिहून गेलीस तर तिथं रोज भीती.

31 मार्च
शेवटची तारीख. अर्ज भरला नाही. दिवसभर कोणाशी बोलले नाही.

8 एप्रिल
कोर्टाने कामगारांना 22 तारखेपर्यंत हजर व्हायला सांगितलं. बाबा जाणार. खाकी शर्ट धुवायला काढला.

18 एप्रिल
बडोद्याची माहिती परत वाचली. दोन वर्षं. फी आवाक्यात. गुलाममोहम्मद शेख, रतन पारिमू दोघेही चित्रकार, आणि दोघांनीही तिथे कलेचा इतिहास शिकवला. हाताला रंग लागलेल्या माणसाने इतिहास सांगावा, मला हेच हवं होतं. शांतिनिकेतनही डोक्यात होतं, पण आईला फार लांब वाटतं. बडोद्याला हावडा-अहमदाबाद वर्ध्याहून थेट जाते.

26 एप्रिल
बाबा ड्यूटीवर. रात्री दोघांनी मिळून हिशेब मांडला. वसतिगृह, मेस, पुस्तकं. जमेल.

3 मे
सोआसला नकार कळवला. हात थरथरत होता.

4 मे
दिल्लीला मंत्रालयाच्या नावाने पत्र, रजिस्टर पोस्टाने. विषयाची अट काढा, एवढीच मागणी. खाली पूर्ण नाव आणि पत्ता. बाबांनी वाचलं. म्हणाले, याची एक प्रत पेपरलाही पाठव.

5 मे
पाठवली. बडोद्यासाठी निबंध सुरू केला: पवनारचं शिल्प आणि बाजूचा उजेड.