माझ्या नावे

"शेट, तुमचं चार हजार तीनशे साठ रुपये देणं हाय माज्याकडं."

असं म्हणत शेतकऱ्याने घरातून मुलाची शाळेची वही आणली. डिसेंबर २०२१चा पहिला आठवडा. शिवथरच्या खोऱ्यातल्या एका अंगणात मी बसलो होतो. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचलेली होती. वहीच्या मागच्या पानांवर त्याने माझ्या दुकानातून उधार नेलेला माल तारीखवार लिहिला होता. सहा पत्रे, दोन किलो खिळे, पीव्हीसीचे पाइप. मधे दोनदा दिलेले पैसेही लिहिले होते. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. माझी उधारीची वही महाडच्या पुरात गेली होती. त्याने नुसतं "देऊन टाकले" म्हटलं असतं, तरी माझ्याकडे पुरावा नव्हता.

दोन हजार रुपये त्याने हातावर ठेवले. उरलेले शिमग्याला देतो म्हणाला आणि पैसे मिळाल्याची माझी सही वहीत घेतली. ती सही करताना माझा हात जड झाला. त्याची शेती पाऊण एकराची. माझं महाडच्या बाजारपेठेत वडिलांपासूनचं हार्डवेअरचं दुकान. आणि आमच्या दोघांच्या व्यवहाराचा हिशेब होता तो त्याच्याकडे.

महाड सावित्री आणि गांधारीच्या काठी वसलेलं. काळ नदीही जवळच सावित्रीला मिळते. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी वर चढतं. डोंगरातून लोंढा आणि समुद्राकडून भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही, ते बाजारात शिरतं. हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जुलै २००५च्या पुरानंतर वडिलांनी दुकानात लोखंडी अँगलचा माळा बांधून घेतला. जमिनीपासून नऊ फुटांवर. दरवर्षी मृग लागायच्या आत सिमेंट, पाण्याच्या मोटारी आणि वायरची बंडलं त्या माळ्यावर जायची. वह्या तर सगळ्यात आधी.

वडील गेल्यावर माळा माझ्या ताब्यात आला. मी तिथे रंगाचे रिकामे डबे टाकले, मोडकी कपाटं टाकली, विकलं न गेलेलं जुनं सामान टाकलं. पुढच्या रविवारी काढू, असं सात-आठ वर्षं म्हणत राहिलो. विम्याचं नूतनीकरण मार्चमध्ये करायचं होतं, त्याचा कागद ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. गल्ल्यातले पैसे लागतील तसे खिशात जायचे. रात्री घरी बायको विचारायची, "अहो, आज किती झालं?" आणि मी चिडायचो, कारण मला ते माहीत नसायचं.

२२ जुलै २०२१ला पाणी आलं. ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा खाली गुडघाभर चिखल होता आणि सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले होते. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, माळ्याच्या फळीच्या हातभर खाली. वरचे रिकामे डबे कोरडे होते. वडिलांनी माल वाचवायला बांधलेल्या जागेने माझा कचरा वाचवला होता.

पुढचे चार महिने मी दुसऱ्यांनाच बोल लावत होतो. पावसाला, नदीतल्या गाळाला, सरकारला. सावित्रीतला गाळ काढा ही महाडकरांची मागणी रास्तच आहे, आजही मी ती मागणी करतो. पण दिवसभर मी दुसरं काही बोलतच नव्हतो. पूर आला त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथे कुणाचं काही चुकलं म्हणून हे झालं नाही, आणि शिस्तीने वागला असतास तर वाचला असतास, असं तिथल्या माणसाला सांगणं क्रूरपणा ठरेल. माझं तसं नव्हतं. पाणी येणं माझ्या हातात नव्हतं. माळा रिकामा ठेवणं होतं.

वहीत सही केली त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरून निघालो आणि तसाच घळीकडे गेलो. शिवथरघळ लहानपणापासून पाहिलेली. पावसाळ्यात धबधब्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, डिसेंबरात मात्र पाण्याची बारीक धार तेवढी उरलेली. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, ही परंपरा. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही जागा १९३०मध्ये शोधून काढली. रामदासी कागद, बाडं गोळा करत ते वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले. आत समर्थ सांगताहेत आणि कल्याण लिहिताहेत अशा मूर्ती आहेत. आजवर मी हात जोडले ते समर्थांना. त्या दिवशी नजर कल्याणांवर थांबली. वीस दशक, दोनशे समास, ७,७५१ ओव्या. सांगणारा मोठाच, पण खाली मान घालून हे सगळं कुणीतरी टाकाने कागदावर उतरवलं. माझ्याच्याने उधारीच्या चार ओळी लिहवत नव्हत्या.

दासबोधाची प्रत घेऊन घरी आलो. अनुक्रमणिकेत बाराव्या दशकातल्या नवव्या समासाचं नाव दिसलं, 'यत्न शिकवण'. सुरुवातीलाच एक माणूस भेटतो. आळशी, कर्जात बुडालेला, खायला-ल्यायला काही नाही, आधाराला कुणी नाही. मी काय करू, जगू की मरू, असं तो विचारतो. त्याला मिळणारं उत्तर मवाळ नाही. लहान असो की मोठं, कुठलंही काम केल्यावाचून होत नाही, सावध हो, असं त्याला तोंडावर सांगितलं जातं. मी पुस्तक मिटलं नाही. तो समास त्या रात्री तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. व्यापाऱ्याच्या भाषेत रक्कम ज्याच्याकडून येणं असते त्याच्या 'नावे' टाकतात. मी पहिल्या पानावर दोन रकाने आखले, 'पुराच्या नावे' आणि 'माझ्या नावे', आणि नुकसानीचा एकेक आकडा योग्य जागी टाकत गेलो. शटर, काउंटर, फर्निचर पुराच्या नावे. सिमेंट, मोटारी, वायर, बुडालेला विमा, हरवलेली उधारी माझ्या नावे. माझी बाजू दुपटीहून जास्त भरली. विचित्र वाटेल, पण त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला झोप लागली. पुराकडून वसुली होत नाही. माझ्याकडून होणार होती.

तेव्हापासून रोज दुकान बंद करताना मी तीन ओळी लिहितो. आज रोख किती आली, उधार कुणाला दिलं, आणि आज काय टाळलं. पहिल्या दोन सोप्या. तिसरीने मला घडवलं. "पतसंस्थेत जाऊन थकलेल्या हप्त्यांबद्दल बोलणं टाळलं" ही ओळ सलग नऊ दिवस लिहिली. दहाव्या दिवशी ती परत लिहायची लाज वाटली म्हणून गेलो. हप्ते बांधून मिळाले. गल्ल्यातून हात काढला आणि जानेवारी २०२२पासून स्वतःला महिना पंधरा हजार पगार लावला. पहाटे साडेपाचला उठू लागलो, कारण आदल्या दिवशीचा मेळ दुकानात गिऱ्हाईक यायच्या आत बसवायचा होता.

दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत यावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असं समर्थ सांगतात. माझ्या वहीची पहिली पानं सुरेख होती, विसाव्या पानापासून गिचमिड. २०२२च्या गणपतीत तर अकरा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. ती अकरा पानं मागाहून आठवून भरावीत असं फार वाटलं. नाही भरली. कोरीच ठेवली, वर नुसत्या तारखा घातल्या. बाराव्या दिवशी लिहायला बसलो.

एके रात्री बायकोने वही वाचायला घेतली. "टाळलं"च्या ओळी वाचत गेली आणि म्हणाली, "अहो, माझं बीपी दाखवायला न्यायचं चार महिने टाळलंत, ते यात नाही." मी वही फक्त दुकानाची समजत होतो. सकाळीच तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. आता रात्री मेळ आम्ही दोघं मिळून बसवतो. ती आकडे वाचते, मी लिहितो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली एवढी शांत रात्र मला आधी माहीत नव्हती.

शिवथरचा तो शेतकरी २०२२च्या शिमग्याला स्वतः महाडला आला, बाकीचे २,३६० रुपये घेऊन. बरोबर ती वहीही होती. पतसंस्थेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मी फेब्रुवारी २०२५मध्ये भरला.

महाड-पोलादपूरच्या माझ्या दुकानदार भावांनो, मेअखेर माळा रिकामा करा. विम्याची तारीख आज बघा. आणि उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो काढून घरच्या माणसाच्या मोबाइलवर आज रात्रीच पाठवा.