चाळीस पावलांची वाट

आमच्या हुडकेश्वरची काळी माती मोठी आतिथ्यशील. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला ती सहजी जाऊ देत नाही; निदान त्याची एक चप्पल तरी ठेवून घेते. आमच्या शाळेच्या फाटकापासून ओट्यापर्यंत जेमतेम चाळीस पावले. पण आषाढात पोरांना ती वैतरणीच!

गेल्या जुलैत या चिखलात सहा फ्रेंच मुलेमुली उतरली. आन्सी गावाकडची, तिथल्या कॅथॉलिक शाळेतून नुकतीच उत्तीर्ण झालेली. कॉलेजात जाण्यापूर्वी महिनाभर परदेशी सेवा करायला निघाली होती. आन्सीचे आणि नागपूरचे नाते तसे जुनेच. तिथल्या धर्मगुरूंचा पहिला जथा १८४६ साली आंध्रच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्यांचे काम पुढे नागपूरपर्यंत पोचले. १८७० पासूनची इथली सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा ही त्याच परंपरेतली.

पाहुण्यांनी फाटक ते ओटा मुरूम टाकायचे ठरवले. मी मात्र मनात कारकुनी हिशेब मांडत होतो: एवढ्या विमानभाड्यात साऱ्या गल्लीला फरशी बसली असती!

पण ती मुले घमेली उचलू लागली आणि माझा हिशेब चुकू लागला. एका मुलीच्या तळव्याला फोड आले. तिने रुमाल बांधला आणि पुन्हा धुमस हाती घेतली. दुपारी ओट्यावर झुणका-भाकर खाताना तिने काही विचारले. सोबतच्या फादरांनी अस्सल नागपुरी मराठीत सांगितले, "ती विचारते, शाळा संपल्यावर तुमची पोरं कुठं सेवेला जातात?"

'क्लासला' हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात माझा एक विद्यार्थी अभिमानाने ओरडला, "आमचे सर सोमनाथला गेले होते!"

बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या ऐन उन्हात आठ दिवस कुदळ-फावडे चालवायचे. मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर मीही तिथे गेलो होतो. ती हकीकत मी प्रत्येक वर्गाला रंगवून सांगत आलो आहे. कादंबरीकाराला रंगांची काय वाण?

फादरांनी भाषांतर केले. मुलीचे डोळे चमकले. आपला रुमाल बांधलेला हात पुढे करून तिने विचारले, "आठ दिवस? मग तुमच्या हाताचं काय झालं?"

तिने निर्मळपणे विचारले होते. तिथेच मी अडलो. त्या तळव्यासमोर खोटे बोलवेना.

"मी आठ दिवस राहिलो नाही," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी आई आजारी असल्याचं सांगून एस.टी.नं पळून आलो. आई घरी कुरडया घालत होती."

माझ्या मुलांपैकी कोणी हसले नाही. हसली असती तर बरे वाटले असते. तो अभिमानी मुलगा उठला, हात धुतले आणि मुकाट्याने एक घमेले उचलले.

पाहुणे परतले आणि श्रावणात ती वाट दोन ठिकाणी खचली. शेजारचा मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, खाली दगड घातलाच नाही. काळी माती मुरूम गिळन नाही तं काय करन जी?"

मग आम्हीच दगड जमवले. संध्याकाळी शाळा सुटल्यावर खोदायचे, दगड बसवायचे, मुरूम पसरून धुमस करायची. कामाला आठ दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माझे अंग ठणकत होते आणि आई खरोखरच खोकत होती. तिला औषध देऊन मी गेलो.

त्या आठवड्यात पोरे रोज माझी हजेरी घेत होती.