चुक्याचा वाफा

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना डावीकडचं कार्पेट गवत दिसलं, की माझं डोकं अजून तापतं. तिथं माझा चुका होता. मला न विचारता, भर दुपारी, बी धरलेलं असताना तो उपटून टाकला, याचा राग काही केल्या जात नाही.

आम्ही मूळचे परभणीकडचे. सासरे निजामाच्या काळात हैदराबादेत नोकरीला आले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तरी ते इथंच राहिले. काचीगुड्याचं घर, मग वाटण्या, मग बिल्डर, मग फ्लॅट. इथल्या कितीतरी मराठी घरांचं हेच झालंय, त्यामुळे ते सांगत बसत नाही. त्या घरातून मी भांडीकुंडी फारशी आणली नाहीत, पण सासूबाईंच्या अंगणातल्या चुक्याचं बी आणलं.

कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्टीत बिल्डरनं नुसता राडारोडा टाकून ठेवला होता. मी आणि वॉचमनच्या बायकोनं तो उचलला, इथल्या तांबड्या मातीत शेणखत कालवलं आणि वाफे केले. चुक्याला फार लाड लागत नाहीत. बी विखरून वर बोटभरही माती नको. पाणी साचलं की मुळं कुजतात, एवढंच सांभाळायचं. महिना-सव्वा महिन्यात पानं खुडायला येतात, आणि वरवर खुडत राहिलं की पुन्हा फुटतात. माझी भाजी आपली नेहमीची, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ घालून. शेजारच्या तेलुगू घरात चुक्ककूर पप्पू, म्हणजे चुक्याचं वरण, व्हायचं. वरच्या मजल्यावरचं हैदराबादी कुटुंब तीच पानं मटणात घालायचं. मेहदीपटणमच्या रयतू बाजारात जुडी मिळते, पण ती घरी येईपर्यंत मान टाकते. इथं कुकर लावून खाली उतरायचं आणि पानं खुडून वर यायचं.

त्या वर्षी मी दोन वाफे बियांसाठी राखले होते. चुका बियाला आला की फार देखणा दिसतो. कागदासारख्या पातळ, गुलाबी, शिरांच्या जाळीच्या पाकळ्या, आणि त्यांच्या पोटात एवढंसं तिधारी बी. झुबका वाळला की हाताला कुरकुरतो, तेव्हा कापायचा. आठवडाभरात कापणारच होते. मी बँकेतून परत आले तेव्हा पट्टी रिकामी होती. झाडं भिंतीशी ढीग करून टाकलेली, पांढऱ्या मुळांना ओली माती तशीच चिकटलेली. वॉचमनची बायको म्हणाली, "अम्मा, मी नको म्हणत होते. ते म्हणाले, हे गवतच आहे."

गवत! आणि लावलं काय, तर गवतच.

सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "आंटी, ब्यूटिफिकेशनचा ठराव झालाय." ठराव मीही वाचला होता. त्यात "मोकळी जागा सुशोभित करणे" असं होतं, आणि ती पट्टी मोकळी नव्हती. मग म्हणाले, बोअरचं पाणी जातं. माझ्या वाफ्यांना डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी जायचं, तेही अर्धं माझ्याच घरचं. कार्पेट गवताला एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाइप लावतात, आणि त्याच महिन्यांत बोअर आटतं म्हणून आपण टँकर मागवतो. हे मी सभेत उभं राहून सांगितलं. टँकरची बिलं काढून दाखवली. कुणी खोडून काढलं नाही, कुणी उत्तरही दिलं नाही. शेवटी एक सदस्य म्हणाले, चुक्यानं मुतखडा होतो, सोसायटीच्या जागेत असलं कशाला? चुक्यात ऑक्सॅलिक आम्ल असतं हे खरं, आणि मुतखडा असणाऱ्यानं तो जपूनच खावा. पण ते पालकातही असतं. पालक लावला असता तर ठेवला असता का? त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि विषय संपला. माझी अर्धी बिल्डिंग तो चुका खात होती. त्यातलं एकही माणूस त्या सभेत बोललं नाही, हे मला उपटण्यापेक्षाही जास्त लागलं.

त्याच हिवाळ्यात लेकीकडे गेले. ती इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्या परसात र्‍हुबार्ब आहे, घराबरोबरच आलेला. हा आपल्या चुक्याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. देठ लालबुंद आणि तसेच आंबट. पानं मात्र विषारी. पहिल्या महायुद्धात टंचाईमुळे ती खाण्याचा सल्ला दिला गेला आणि लोकांना विषबाधा झाली. लेक त्या देठांचं वरण करते. डाळ आधी वेगळी शिजवून घ्यायची, कारण आंबट आधी पडलं की ती शिजता शिजत नाही. चव अगदी चुक्ककूर पप्पूची.

तिनं मला वेकफील्डकडे नेलं. तिथं या पिकाची मुळं दोन वर्षं शेतात वाढवतात, थंडीचा कडाका खाऊ देतात, मग अंधाऱ्या उबदार शेडमध्ये हलवतात. उजेड नको म्हणून मेणबत्तीच्या प्रकाशात तोडणी चालते. वेकफील्डमध्ये फेब्रुवारीत त्याचा उत्सव भरतो. एके काळी खास रेल्वेगाडीनं ते लंडनला जाई. 2010 साली युरोपीय संघानं यॉर्कशायरच्या त्या देठांना भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं. एका आंबट देठाला एवढा मान! मी तिथं उभी होते आणि मला आमच्या भिंतीशी पडलेला ढीग आठवत होता.

येताना र्‍हुबार्बचं बी आणलं. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला कुंड्यांत पेरलं, पानं चांगली तळहाताएवढी झाली, एप्रिलच्या उन्हात देठ मऊ पडून सगळं बसलं. त्याला कडक थंडीची विश्रांती लागते आणि हैदराबादेत पारा एवढा उतरत नाही. हिमालयातला त्याचा सगा रेवंदचिनी म्हणून वाळक्या मुळाच्या रूपात युनानी औषधांच्या दुकानात मिळतो, ताजा नाही. र्‍हुबार्ब जगला नाही याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. जे इथलं आहे ते इथं वाढावं. कुणी मला परदेशी बियांबद्दल विचारलं तर मी सांगते, आधी चुका लावा, अंबाडी लावा, मग बाकीचं.

त्या गवतावर आता संध्याकाळी लहान मुलं लोळतात. आमच्याकडे दुसरीकडे सगळं काँक्रीट आणि गाड्या, त्यांना पडायला मऊ जागाच नव्हती. मी गॅलरीत उभी राहून त्यांना बघते आणि मला ते आवडतं. उद्या कुणी गवत काढून चुका लाव म्हणालं, तर मी लावीन की नाही, मलाच सांगता येत नाही. पण म्हणून झालं ते बरोबर होतं असं मी कधीच म्हणणार नाही. वाढतं झाड काढायचं तर लावणाऱ्याला आठ दिवस आधी सांगावं, एवढी रीत कुठल्याही सोसायटीत असायला हवी.

बी पूर्ण गेलं नाही. वॉचमनच्या बायकोनं ढिगातले काही वाळके झुबके ओच्यात घालून गावी महबूबनगरकडे नेले होते. तिथं ते उगवलं, आणि संक्रांतीला तिनं मला मूठभर आणून दिलं. मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीपलीकडे, एक अरुंद पट्टी आहे. तिथं गवत येत नाही, मुलं जात नाहीत, सकाळचं ऊन मात्र येतं. ती भाजीसाठी द्यावी, पाणी आम्ही घरचं वापरलेलं घालू, असा लेखी अर्ज मी केलाय आणि त्याची पोच घेतलीय. वार्षिक सभा जूनमध्ये आहे. या वेळी चुका खाणाऱ्या घरांच्या सह्या आधी घेणार आहे.